तिळभांडेश्वर लेनची चतुःसीमा

नाशिकच्या जुन्या गावठाणातली तिळभांडेश्वर लेन वाचायची, तर सुरुवात तिच्या रुंदीपासून करावी. बाजारपेठेच्या गर्दीतून अशा गल्लीत वळलं की थोड्याच पावलांत हॉर्न मागे राहतात आणि माणसांचं बोलणं ऐकू यायला लागतं. समोरच्या ओट्यावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत नाही. चारचाकी आत घालायची तर मनाचा हिय्या करावा लागतो, आणि घातलीच तर समोरून येणाऱ्या दुचाकीला भिंतीला चिकटून थांबावं लागतं. ही अरुंदी कुणाच्या हलगर्जीतून आलेली नाही. पायी चालणारा माणूस, डोक्यावर हंडा घेतलेली बाई, पाठीवर ओझं लादलेलं जनावर आणि खांद्यावरची पालखी यांच्या मापाने ही रचना झाली. त्या मापात ती नेमकी बसते. आजच्या तिच्या शांततेचं पहिलं कारण हा नेमकेपणा आहे. दुसरं कारण कागदोपत्री आहे, आणि ते तितकं सुखद नाही. त्याकडे पुढे येतोच.

जुनं नाशिक सपाटीवर दोरी लावून आखलेलं गाव नव्हे. १८८३ चं जिल्हा गॅझेटियर गोदाकाठच्या नऊ टेकड्यांचा उल्लेख करतं. जुनी गढी, डिंगर आळी, चित्रघंटा ही त्यांतली नावं जुन्या नाशिककराच्या बोलण्यात अजून येतात. टेकड्यांवर वसलेल्या गावात गल्ली पाण्याच्या उताराने जाते, एखाद्या जोत्याला वळसा घालते, देवळापाशी थोडी रुंदावते आणि पुन्हा अंग चोरते. सखल भागातल्या बाजाराला पुराचा धोका कायमचा असतो. १९६९ आणि २००८ च्या पुरांत गोदावरी सराफ बाजारापर्यंत चढली होती. चढ, उतार आणि वळण या गावात शोभेसाठी आलेले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या नदीशी केलेल्या हिशेबाची ती आकृती आहे.

गल्ल्यांच्या नावांतही गावाची घडण दिसते. गायधनी लेन, फावडे लेन, तांबट लेन, हुंडीवाला लेन : कुठे घराणं, कुठे धंदा. तिळभांडेश्वर लेनने महादेवाचं नाव घेतलं. काशीच्या तिळभांडेश्वराची पिंड दर वर्षी तिळाएवढी वाढते, अशी श्रद्धा आहे. त्या देवाचं नाव गोदाकाठच्या गल्लीला लाभावं, हे नाशिकच्या स्वभावाला धरूनच झालं.

आता घराकडे पाहू. या भागातला जुना वाडा गल्लीकडे फार थोडं बोलतो. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर ओटा, मोठ्या दरवाज्यात छोटी दिंडी, वरच्या मजल्याला सागवानी खांब-तुळयांची चौकट आणि मधे पातळ भाजक्या विटांची भरण. श्रीमंती असलीच तर ती आत, चौकातल्या खांबांच्या कोरीव हस्तांवर. बाहेरून जाणाऱ्याच्या डोळ्यांत ती खुपत नाही. अशा वाड्याचं माप खणांनी सांगत. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण, आणि घर पाच खणी की सात खणी यावर त्याची ऐपत कळे. मला हे माप फार अर्थपूर्ण वाटतं, कारण खणात लाकडाची ताकद मोजलेली असते. सागाची तुळई जेवढं अंतर निर्धोक पेलते, तेवढाच खण. घराचा आकार जंगलाने ठरवून दिलेला होता. आजच्या चौरस फुटाला असलं कोणतंच बंधन नाही, तो कुठल्याही दिशेने कितीही वाढतो.

आणि ओटा. गल्लीच्या सगळ्या रचनेतला सर्वांत सुंदर भाग कोणता, असं कुणी विचारलं तर मी ओट्याचं नाव घेईन. घरात न बोलावताही माणसाला बसवण्याची ती सोय आहे. पोस्टमन, भाजीवाली, मुलीसाठी स्थळ सांगायला आलेला दूरचा नातेवाईक, उन्हाने दमलेला वाटसरू, सगळ्यांना तिथे जागा आहे. मालकी घराची, वापर गल्लीचा. ओटा घराचा की रस्त्याचा, हा वाद गावठाणात जुना आहे, पण तो वाद होऊ शकतो हीच ओट्याची थोरवी. दोन्ही बाजूंना तो आपला वाटतो.

हे सगळं दगड-लाकडात वाचता येतं, तसं कागदावरही वाचता येतं. जुनी खरेदीखतं कुणी साहित्य म्हणून वाचत नाही, हे आपलं नुकसान आहे. गावठाणातल्या घराचं जुनं खत हातात घ्या. घर विकताना विकणारा 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप' यांच्यासह विकतो. गल्लीतल्या घराच्या वाट्याला झाड असेल नसेल, गवत तर नसेलच. तरीही सूत्र पूर्ण म्हणायचं, कारण घर म्हणजे पृथ्वीचा एक तुकडा आणि त्यावरचं, त्याखालचं सगळं काही, ही भावना त्यामागे आहे. 'निधी' म्हणजे पुरलेलं धन. विकणारा आपल्या पूर्वजांनी कदाचित पुरून ठेवलेल्या मोहरांवरचा हक्कही सोडून देतो. केवढी उदारता एका ठरीव वाक्यात बसलेली आहे!

पण खरा रस चतुःसीमेत. पूर्वेस अमुक यांचं घर, पश्चिमेस तमुक यांची भिंत, दक्षिणेस सरकारी गल्ली, उत्तरेस सामाईक बोळ. घराची ओळख शेजाऱ्यांच्या नावांनी होते. शेजार काढून टाकला तर कागदावर घरच उरत नाही. पुढे येते वहिवाट : आडावर पाणी भरण्याचा हक्क, पावसाचं पाणी कोणत्या पन्हळीतून कुणाच्या बाजूला पडेल, नहाणीचं पाणी कुठून जाईल, मागच्या बोळातून येण्याजाण्याची वाट, सामाईक भिंतीत तुळई घालायची असेल तर ती किती आत जाईल. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने प्रकाश, हवा आणि वाट यांचा वीस वर्षांचा निर्वेध उपभोग हक्क म्हणून मान्य केला, पण खतांतून ही समज आधीपासून वाहत होती. कुणाचा सूर्यप्रकाश कुणाच्या भिंतीवरून येतो, याची नोंद ठेवणारी माणसं ही.

अशा गल्लीत आणखी एक गोष्ट मिळत असे, जी खतात क्वचित येते : भाड्याची खोली. वाड्याचा मालक एका भागात राही आणि उरलेल्या खोल्या भाड्याने देई. विधवा, विद्यार्थी, कारकून, पुजारी, गावाकडून आलेलं एखादं कुटुंब, सगळ्यांना गावाच्या मध्यात चार पैशांत छप्पर मिळे. तिळभांडेश्वर लेनचा इतिहास घडला तो अशाच एका खोलीत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला प्लेगने नाशिक जिल्हा पोळून काढला. १८९९ मध्ये भगूरच्या सावरकर कुटुंबात वडील आणि चुलते दोघेही प्लेगने गेले आणि मुलं नाशिकला आली. त्याच वर्षाच्या शेवटी विनायक सावरकर, म्हसकर आणि पागे यांनी एक गुप्त मंडळ सुरू केलं, आणि १९०० मध्ये त्याचं उघड रूप म्हणून मित्रमेळा उभा राहिला. त्याच्या बैठकी या गल्लीतल्या वर्तकांच्या वाड्यात होत, आबा दरेकरांच्या खोलीत. आबा म्हणजे गोविंद त्र्यंबक दरेकर, ज्यांना महाराष्ट्र पुढे स्वातंत्र्यशाहीर कवी गोविंद म्हणून ओळखू लागला. जन्म १८७४ चा. दोन्ही पाय लुळे पडलेले, घरची गरिबी, आणि हातात लावण्या-पोवाड्यांची रचना. 'सुंदर मी होणार' ही कविता त्यांचीच. पु. ल. देशपांडे यांनी आपल्या नाटकाला ते नाव दिलं, म्हणून आजही ते शब्द माहीत आहेत, पण कवीचं नाव फार थोड्यांना आठवतं.

इथे गल्लीच्या रचनेकडे पुन्हा पाहावं असं मला मनापासून वाटतं. ज्याला चालता येत नाही असा गरीब माणूस गावाच्या मध्यात राहू शकत होता, कारण खोली त्याला परवडत होती. तो बाहेर जाऊ शकत नव्हता, म्हणून गाव त्याच्याकडे येत होतं. गल्ली अरुंद होती, म्हणून तिथे येणारा-जाणारा प्रत्येक जण ओळखीचा होता आणि परका लगेच कळे. चळवळीच्या इतिहासात आपण माणसांची नावं वाचतो, विचारांची मुळं शोधतो. खोलीचं भाडं कुणी मोजत नाही. पण गोविंदांना गावाबाहेर कुठेतरी राहावं लागलं असतं, तर मित्रमेळ्याची पोरं रोज संध्याकाळी तिथवर गेली असती का? मला शंका आहे. या पोरांनी प्लेगात घरच्यांनी टाकून दिलेली प्रेतं खांद्यावरून वाहिली. तेही याच गल्लीबोळांतून.

१९०४ मध्ये मित्रमेळ्याचं रूपांतर अभिनव भारतात झालं. याच गल्लीत आज अभिनव भारत मंदिर आहे, क्रांतिकारकांच्या आठवणी जपणारं. विनायक सावरकरांच्या मोठ्या भावाने, बाबारावांनी, छापलेल्या काव्यपुस्तिकांवर खटला झाला. त्यांत गोविंदांच्या कविता होत्या. जून १९०९ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने बाबारावांना काळ्या पाण्याची जन्मठेप ठोठावली आणि नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. त्यानंतर काही आठवड्यांतच, २१ डिसेंबरला, विजयानंद नाट्यगृहात 'शारदा'च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. पुढची धरपकड सर्वांना माहीत आहे.

मालमत्तेच्या अंगाने वाचताना मी थबकतो ते मात्र जून १९०९ पाशी. भारतीय दंडसंहितेच्या कलम १२१ खाली जन्मठेपेबरोबर मालमत्ता जप्तीची शिक्षा होती. बाबारावांच्या घरातली भांडीकुंडीसुद्धा सरकारजमा झाली. त्यांच्या पत्नी यशोदाबाई, सगळ्यांच्या येसूवहिनी, एका दिवसात उघड्यावर आल्या. सरकारचा रोष असलेल्या बाईला आसरा द्यायला शेजारी कचरत. त्या खचल्या नाहीत. त्यांनी आत्मनिष्ठ युवती संघ चालवला, बंदिवानांच्या घरच्या बायकांना धरून ठेवलं, आणि नवऱ्याची भेट होण्याआधीच १९१९ मध्ये गेल्या. नाशिकच्या घरांच्या व्यवहारांचा इतिहास कुणी लिहिला, तर त्याच्या पहिल्या पानावर ही जप्ती असावी. घर विकलं जातं, गहाण पडतं, वाटून घेतलं जातं. पण छापलेल्या कवितांपायी घरातली पळी-पंचपात्री सरकारने उचलून नेल्याची उदाहरणं किती?

आता गल्लीच्या शांततेचं ते दुसरं, कागदोपत्री कारण. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर शहरांत जागेची टंचाई झाली. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांचं भाडं सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकलं. हेतू चांगला होता. भाडेकरूला रातोरात बाहेर काढता येऊ नये, हे आजही योग्यच आहे. पण पन्नासेक वर्षं भाडं जवळजवळ जागच्या जागी राहिलं आणि चुन्याचा, लाकडाचा, सुताराच्या मजुरीचा भाव कितीतरी पटींनी चढला. १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. पण मुळात दहा-वीस रुपये असलेल्या भाड्यावर चार टक्के म्हणजे एका कौलाचेही पैसे नाहीत. मालक दुरुस्ती करीना, भाडेकरू जागा सोडीना. दोघांचीही बाजू खरी होती. मधे वाडा भिजत राहिला.

त्यात वारसांची भर. सिटी सर्व्हेच्या मालमत्ता पत्रकावर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर, हे सगळं एका नजरेत दिसतं. वर 'हक्काचा मूळ धारक', खाली तारखेवार 'व्यवहार' आणि 'नवीन धारक'. आधी एक नाव, मग तीन मुलं, मग त्यांची मुलं, लग्न होऊन गेलेल्या मुली, कुणी ठाण्याला, कुणी पुण्याला, कुणी परदेशात. कुठे हक्कसोडपत्र, कुठे कुलमुखत्यारपत्र, कुठे दिवाणी दाव्याची नोंद. एखाद्या घराच्या कार्डाला पुरवणी पानं जोडावी लागतात, आणि त्या घरात प्रत्यक्ष राहणारी माणसं मात्र दोन म्हातारी. गल्लीत आज जी शांतता जाणवते, तिच्यात या थांबलेल्या व्यवहारांचा मोठा वाटा आहे. ती केवळ जुनेपणाची शांतता असती तर तिच्यावर निखळ प्रेम करता आलं असतं. पण हेही खरं, की सह्या पुऱ्या होत नाहीत म्हणूनच कित्येक वाडे अजून उभे आहेत.

दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते आणि दर पावसाळ्यात गावठाणात कुठे ना कुठे भिंत कोसळते. तिथे राहणाऱ्यांना जीव मुठीत धरून झोपावं लागतं, हे विसरून वाड्यांचं कौतुक करणं मला अयोग्य वाटतं. मग नवं का बांधत नाहीत? इथे पुन्हा रुंदी आडवी येते. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत गावठाणातलं चटईक्षेत्र रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. नऊ मीटरच्या आतल्या रस्त्यावर ते कमी, आणि बाहेरून टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, आणून वाढवायलाही वाव नाही. साडेचार मीटरपेक्षा अरुंद गल्लीत नवं बांधायचं तर मध्यरेषेपासून सव्वादोन मीटर मागे सरकावं लागतं. ज्याचा भूखंडच लांबट आणि चिंचोळा, त्याने समोरचं सोडायचं, भाडेकरूंना जागा द्यायची, वारसांना वाटा द्यायचा, आणि बिल्डरसाठी उरवायचं काय? शेजारच्या वाड्यांनी एकत्र यावं, क्लस्टर करावं, अशी चर्चा नाशिकच्या गावठाणाबद्दल बरीच वर्षं चालू आहे.

तरीही एखादं काम होतं. जुना वाडा उतरतो, चौकटी-दरवाजे जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातात, आणि नवी इमारत एक पाऊल मागे उभी राहते. ओटा गेलेला, तळमजल्यावर पार्किंग, त्याला लोखंडी जाळीचं दार. गल्लीची दर्शनी ओळ तिथे तुटते. सावली तुटते. समोरच्या ओट्यावर बसलेल्या आजींना आता बोलायला माणूस नाही, पुढ्यात गाड्या आहेत. सव्वादोन मीटरचा नियम आग विझवणारा बंब आत यावा म्हणून आहे, त्याची गरज मी नाकारत नाही. पण एक घर मागे गेलं आणि पुढची दहा घरं पन्नास वर्षं तिथेच राहिली, तर बंब काही येत नाही आणि ओळही राहत नाही.

नव्या फ्लॅटचं खरेदीखत पाहा. त्यातही चतुःसीमा असतेच. पूर्वेस जिना व पॅसेज, पश्चिमेस मार्जिनल स्पेस, दक्षिणेस फ्लॅट नंबर तीन, उत्तरेस डक्ट. शेजाऱ्याच्या जागी आकडा आला. 'जल, तरू, तृण' हे सूत्र मात्र कित्येकदा तसंच पुढे चालत येतं, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांसाठीसुद्धा, आणि मला ते वाचून बरं वाटतं. खत लिहिणाऱ्याच्या हाताला अजून जुनं वळण आहे.

बाजार काय म्हणतो? नाशिकची खरेदीची ओढ कैक वर्षं पश्चिमेकडे आणि दक्षिणेकडे आहे : गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा. तिथे एकेकाळचे मळे होते, रस्ते रुंद आखता आले, गाडी लावायला जागा मिळाली. गावठाणातल्या तरुण जोडप्याने तिकडे फ्लॅट घेतला, तर त्याला दोष देता येत नाही. बाळाला दवाखान्यात न्यायला रिक्षा दाराशी यावी, एवढंच त्याचं मागणं असतं. गल्लीत मागे उरतात ती वृद्ध मंडळी, भाडेकरू, आणि तळमजल्याला गोदाम शोधणारे बाजारातले व्यापारी. दलालाच्या बोलण्यात दोनच प्रश्न येतात : रोड टच आहे का, आणि खाली करून मिळेल का. पहिल्या प्रश्नाचा रोख मुख्य रस्त्यावर असतो, दुसऱ्याचा भाडेकरूवर. गोदावरी पायी पाच-दहा मिनिटांवर, १८४० साली सुरू झालेलं सार्वजनिक वाचनालय याच गावात, देऊळ, बाजार, वैद्य, शाळा सगळं चालत जाण्याच्या अंतरात. यांचा भाव त्या दोन प्रश्नांत बसत नाही. २०२७ च्या सिंहस्थाची कामं निघाल्यावर नदीकाठच्या जागांकडे नजरा वळल्या आहेत. पण ती मागणी लॉजिंगची आहे, राहण्याची नाही.

गल्ली राखायची तर वाडा राहता ठेवावा लागेल. वारसा यादीत नोंद झालेल्या इमारतीच्या मालकाला न वापरलेल्या चटईक्षेत्राचा टीडीआर मिळण्याची तरतूद आपल्या नियमांत आहे. म्हणजे जे बांधकाम या अरुंद गल्लीत होऊ शकत नाही, त्याचा मोबदला गंगापूर रोडसारख्या ठिकाणी उभ्या राहणाऱ्या इमारतीकडून मिळू शकतो, आणि त्या पैशात तुळया बदलता येतात. त्यासाठी यादी नेटकी हवी, मालमत्ता पत्रकं वारसांसह अद्ययावत हवीत, आणि भाडेकरूंचं क्षेत्र वाडा उतरवण्याआधी मोजून लिहून ठेवलेलं हवं. जुन्या लाकडी सांध्यांची दुरुस्ती जाणणारे सुतार आणि चुन्याचं काम करणारे गवंडी हवेत. असे कारागीर अजून आहेत, पण त्यांची मुलं या कामात क्वचितच येतात.

आणि कुणी खरोखरच या गल्लीत घर घ्यायला निघालं असेल, तर त्याने कार्डाचा उतारा घेण्याआधी शेजारच्या ओट्यावर तासभर बसावं. भिंत सामाईक आहे का, पावसाचं पाणी कुठे उतरतं, मागचा बोळ कुणाच्या वहिवाटीचा, वरच्या माडीत कोण किती वर्षं राहतं आहे, याची उत्तरं तिथे मिळतील. वकिलाच्या सर्च रिपोर्टमध्ये बोजे दिसतात, दावे दिसतात. पन्हळीचं पाणी कुणाच्या अंगणात पडतं आणि त्यावरून दोन घरं किती वर्षं अबोला धरून आहेत, हे शेजारीच सांगतो.